पंचविसावं निरीक्षण

नसीम दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी फाईलच्या भोकांतून नाडी ओवत होते.

"नळी फुटली," ती म्हणाली.

तिच्या पांढऱ्या ओढणीवर काळे ठिपके पडले होते. मुठीत खडूचा तुकडा तसाच होता. तो टाकायचं तिला सुचलं नव्हतं.

"कुठली नळी?"

"ऑक्सिजनची. तापलेली परीक्षानळी. एका मुलीला लागलं. सारिका नाव तिचं, दुसऱ्या बाकावरची. भुवईवर लागलंय. डोळ्याचं डॉक्टर अजून सांगत नाहीत."

मी नाडी खाली ठेवली. त्या क्षणी काय विचारायला हवं होतं ते मला आता चांगलं माहीत आहे. तेव्हा मी विचारलं, "शिर्के सरांनी माझी वही मागितली का?"

सत्त्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. द्राक्षपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही बी.एड. करत होतो आणि वर्ष संपत आलं होतं. सोमवारी बहिस्थ परीक्षक येणार होत्या. वर्षभर केलेलं सगळं त्यांच्या टेबलावर मांडायचं होतं: पाठांची टाचणं, कृतिसंशोधन, चाचण्या, तक्ते, आणि निरीक्षण वही. या वहीसाठी आपल्याच वर्गातल्या मैत्रिणींचे पंचवीस पाठ शाळेत मागच्या बाकावर बसून पाहायचे आणि मिनिटामिनिटाची नोंद करायची. बहुतेक जणी दहा पाहत आणि पंधरा शिजवत. शिजवणं हा वसतिगृहातला शब्द.

मी शिजवत नसे. माझे चोवीस पाठ खरे होते आणि ते मी चारचौघींत सांगतही असे. पंचविसावा नसीमचा व्हायचा होता. जानेवारीत तिला टायफॉइड झाला आणि तिचा शेवटचा पाठ पुढे गेला, थेट बावीस तारखेच्या शनिवारवर. वह्या मात्र शुक्रवारी पाचच्या आत कार्यालयात हव्या होत्या. पंचवीस नसतील तर फाईल अपूर्ण आणि अपूर्ण फाईलवाल्यांची परीक्षा ऑक्टोबरात.

शुक्रवारी दुपारी मी नसीमचं टाचण समोर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी होणाऱ्या पाठाचं निरीक्षण लिहून काढलं. दहा तीस, प्रस्तावना. दहा बेचाळीस, वायुपात्र भरले, वाहक नळी आधी पाण्याबाहेर काढली, मग दिवा बाजूला केला, क्रम अचूक. निखारा वायूत भडकला. विद्यार्थिनींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या टाचणात नव्हत्या, त्या मी माझ्या मनाने घातल्या. पानावर तारीख टाकली बावीस. कार्यालयातले भाऊसाहेब लिखाण जिथे संपेल तिथे शिक्का मारत, तसा त्याच पानावर टाळ्यांच्या खाली त्यांनी मारला. शिक्क्यात तारीख होती एकवीस.

पान लिहून झालंच होतं, म्हणून शनिवारी मी शाळेत गेले नाही. फाईल बांधत बसले.

"वही कशाला मागतील?" नसीम म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं असावं. ती माझ्या कॉटवर बसली. "मागतील कदाचित. शाळेच्या मोठ्या बाई म्हणतात मी दिवा आधी काढला. शाळेने लेखी तक्रार दिलीय."

विज्ञानाच्या प्रत्येक छात्राध्यापिकेला हे शिकवलेलं असतं. वायू पाण्यावर गोळा करताना वाहक नळीचं एक टोक पाण्यात असतं. ते बाहेर काढायच्या आधी दिवा काढला तर आतली हवा आकसते, द्रोणीतलं पाणी वर ओढलं जातं, तापलेल्या काचेत शिरतं आणि काच फुटते. म्हणून आधी नळी, मग दिवा. शेंबडं पोरही हे चुकणार नाही, असं आमचे पाठ तपासणारे शिर्के सर म्हणायचे.

"तू काय काढलंस आधी?"

"नळी. हेमे, शप्पथ. नळी काढली, स्टँडवर टेकवली, दिव्याला हात घातला आणि परीक्षानळी फुटली. तिला आधीच तडा असणार. शाळेच्या कपाटातली होती ती."

"सर कुठे होते?"

"सही करून स्टाफरूममध्ये, नेहमीसारखे. त्यांनी प्राचार्यांना सांगितलंय, जंगम मागच्या बाकावर होती, तिने सगळं बघितलंय."

"मी नव्हते, नसीम."

"हजेरीत तुझी सही आहे. मी केली. तू पान लिहिलंच होतंस, म्हटलं इथेही असू दे." ती खडूकडे बघत होती. "तीनला दोघींना बोलावलंय. तू एवढंच सांग, नळी आधी काढली. बाकी काही नको."

माझ्या डोळ्यांपुढे ते पान होतं. कुणी ते उघडलं की बावीसचा पाठ एकवीसच्या शिक्क्याखाली दिसणार होता, आणि फुटलेल्या नळीच्या पाठाला टाळ्या.

"बरं, तेही राहू दे," नसीम म्हणाली. "खोटं नको सांगूस. तुकडे बघ. मी ते वर्तमानपत्रात बांधून प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवलेत. मला कोरडे वाटले. पाणी ओढलं गेलं असतं तर ओले असते ना? पण माझं फिजिक्स. तू केमिस्ट्रीवाली, तुझं ऐकतील. दोनला शिपाई गणूमामा झाडून कुलूप लावतो, त्याच्या आत जा. मला मोठ्या बाई आता आत घेत नाहीत."

"जाते," मी म्हणाले. एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

वसतिगृहाच्या फाटकातून उजवीकडे शाळा होती, दहा मिनिटांवर. डावीकडे कॉलेज. मी पिशवीत कंपासपेटी घातली, खाली आले, आणि डावीकडे वळले.

भाऊसाहेब डबा खात होते. मी म्हणाले, निरीक्षण वहीची अनुक्रमणिका राहिलीय, अर्ध्या तासासाठी हवी होती.

"जंगमबाई, तुमची वही मी बघितलीसुद्धा नाही. डोळे झाकून शिक्का मारला," ते हसत म्हणाले. "ज्यांची बघायला पाहिजे त्या येत नाहीत मागायला. कपाट उघडं आहे, घ्या. नोंदवहीत नाव आणि वेळ टाका."

मी एक वीस अशी वेळ लिहिली. माझं अक्षर वर्षभर वर्गात नावाजलेलं होतं. त्या ओळीतला आकडा मात्र मलाच ओळखू येईना.

मुलींच्या स्वच्छतागृहात कडी लावून मी कंपासपेटीतलं अर्धं ब्लेड काढलं. ब्लेड पुन्हा पुन्हा निसटत होतं. बाहेर कुणीतरी बादली भरत होतं. नळ बंद होईपर्यंत मी थांबले. पान शिवणीजवळ कापलं आणि त्याबरोबर वहीच्या पुढच्या भागातलं दुसरं पान सुटून माझ्या पायाशी पडलं. शिवलेल्या वहीत पानं जोडीने असतात, हे मला माहीत होतं. तरी मी विसरले होते. ते नवव्या पाठाचं खरं निरीक्षण होतं. ते मी गोंदाने जागच्या जागी चिकटवलं. अनुक्रमणिकेतली पंचविसावी ओळ खोडरबराने घासून काढली. कापलेल्या पानाच्या आठ घड्या केल्या. ते फाडून टाकायचं मनात होतं, पण तुकडे कुठे टाकायचे ते ठरेना, म्हणून पेटीत ब्लेडखाली ठेवलं.

वही परत केली तेव्हा पावणेदोन झाले होते. पळत गेले असते तर शाळा गाठता आली असती. पायात गोळे आले आहेत असं मी स्वतःला सांगितलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दोनचे टोले पडलेले ऐकले. तीनपर्यंत तिथेच बसून होते.

प्राचार्य वाळिंबे सर मराठीचे. आवाज कधी चढवत नसत, आणि त्याचीच भीती वाटे.

"मुलीचा डोळा वाचला. तीन टाके पडलेत," ते म्हणाले. "ही पहिली गोष्ट. आता दुसरी. जंगम, तुम्ही मागच्या बाकावर होतात. आधी काय काढलं?"

नसीम माझ्या शेजारी उभी होती. तिच्या बांगड्या हलायच्या थांबल्या.

"सर, मी नव्हते," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी पाठाला गेलेच नव्हते. वसतिगृहात होते."

"इथे सही आहे तुमची."

"ती मी केली, सर," नसीम म्हणाली. "तिला ठाऊक नव्हतं."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि भाऊसाहेबांकडून माझी वही मागवली. ते एकेक पान उलटत गेले. नवव्या पानावर त्यांचं बोट थांबलं नाही. शेवटच्या पानावर थांबलं.

"चोवीस," ते म्हणाले. "पंचविसावा पाहिला नाही म्हणून लिहिला नाही. सगळं गाव पंचवीस दाखवतं आणि ही मुलगी चोवीस दाखवते. एकासाठी मी तुमची फाईल अडवणार नाही, जंगम. परीक्षकांना मी सांगेन."

नसीमने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने वहीकडे पाहिलं. मी शुक्रवारी टाचण बघून पान लिहीत होते तेव्हा ती शेजारीच बसली होती.

"मुल्ला, तुमचं मात्र अवघड आहे. खोटी सही आणि हा प्रकार. सराव पाठात नापास धरावं लागेल. पुढच्या वर्षी पुन्हा या."

जूनपासून नसीमच्या गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञानाची जागा रिकामी होणार होती. तिथल्या हेडमास्तरांनी तिच्या अब्बांना शब्द दिला होता. हे सरांनाही माहीत होतं. नसीम फक्त "बरं, सर" म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "तुकडे कसे होते?"

"जमलं नाही जायला."

ती थांबली नाही. पायऱ्या उतरून उजवीकडे चालू लागली आणि मी तिच्या मागे.

प्रयोगशाळेला कुलूप होतं. शाळेच्या मागे केराचा ढीग होता, त्यावर वर्तमानपत्राची पुडी उलगडून पडली होती आणि काचा उन्हात चमकत होत्या. फेब्रुवारीचं दुपारचं ऊन, दोन तास झालेले. नसीमने वाकून एक तुकडा उचलला, बोट फिरवलं आणि परत टाकला.

"कोरडे आहेत," ती म्हणाली. "चार वाजता सगळंच कोरडं असतं. आता काय कळायचं."

ती फाटकाकडे निघाली. मी नळीच्या बुडाकडचा मोठा तुकडा उचलला. आतल्या बाजूला मिश्रणाचा काळा थर जसाच्या तसा, सारखा चिकटलेला होता. मी तो उजेडाकडे धरला. पाणी आत शिरलं असतं तर मिश्रणातला क्षार त्यात विरघळला असता आणि वाळताना काचेवर पांढरा उमटला असता. मिठाचं पाणी वाळलं की भांड्याला डाग राहतात, तसा. मी तीन तुकडे पाहिले. पांढरं कुठेच नव्हतं.

पाणी आत गेलंच नव्हतं. नसीमने नळी आधी काढली होती.

ती फाटकापाशी पोचली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण मग आम्हाला सरांकडे परत जावं लागलं असतं. सर विचारणार, दोनच्या आत का गेला नाहीत, एक वीसला वही कशाला नेलीत? मी तुकडा रुमालात गुंडाळला, कंपासपेटीत त्या घडी केलेल्या पानाशेजारी ठेवला, आणि हाक मारली नाही.

रविवारी नसीमने ट्रंक भरली. आमच्या खोलीत दिवसभर कपाटाच्या दाराचाच काय तो आवाज होता. सारिकाला बघून आले, एवढं एक वाक्य ती बोलली, तेही दुपारी, डबा उघडताना. मी फाईलला खाकी कव्हर घातलं, मग काढलं, मग दुसरं घातलं.

सोमवारी माझा नंबर अकराच्या सुमारास आला. बहिस्थ परीक्षक सोहनी मॅडम ठेंगण्या, जाड भिंगांच्या, कुठल्याशा कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या. त्यांनी माझी फाईल ओळीने पाहिली. आकृत्यांवर दोनदा मान डोलावली. मग निरीक्षण वही घेतली.

"प्राचार्यांनी सांगितलं तुमच्याबद्दल. चोवीस खरे," त्या म्हणाल्या, आणि नवव्या पानापाशी थांबल्या. पान नखाने हलवून पाहिलं. वही मिटून शिवण डोळ्यांजवळ नेली. "हे गोंदाने चिकटवलंय. याच्या जोडीचं पान कुठे आहे?"

मी कंपासपेटीवर हात ठेवला.

"शाई सांडली का?" त्यांनीच विचारलं. "होतं असं घाईत."

हो म्हणायचं होतं, एक अक्षर. त्यांनी पुढचं पान उलटायला बोटसुद्धा लावलं होतं. त्यांच्या मागच्या खिडकीतून व्हरांडा दिसत होता, आणि तिथे नसीम आपल्या ट्रंकेवर बसली होती. साडेअकराच्या एसटीची वाट बघत. मांडीवर टाचणांची वही होती. ती तिने ट्रंकेत भरली नव्हती.

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "शाई नाही."

मी कंपासपेटी उघडली. घडी उलगडताना पान माझ्याच हाताने थोडं फाटलं. त्यांनी ते टेबलावर सपाट केलं, वरची तारीख वाचली, खालचा शिक्का वाचला, मग मधलं सगळं.

"टाळ्यासुद्धा?"

"हो, मॅडम."

"आणि रुमालात काय आहे?"

मी तुकडा काढून पानावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सही, एक वीस, ब्लेड, व्हरांड्यातला बाक, केराचा ढीग. वेळा बरोबर सांगितल्या. मग तोंडी परीक्षेत विचारतात त्याच सुरात त्यांनी विचारलं, "पाणी ओढलं गेलं असतं तर काय दिसलं असतं?"

"क्षार विरघळला असता. वाळल्यावर पांढरे डाग पडले असते."

"आहेत?"

"नाहीत."

"अजून काय दिसतं?"

"एवढंच."

"कड बघा." त्यांनी तुकडा तिरका धरला. फुटलेल्या काचेची कड स्वच्छ चमकत होती. फक्त एका बाजूला बोटभर लांबीची मळकट रेघ होती, जुन्या कपाच्या तड्यात चहा मुरतो तशी. "हा तडा शनिवारचा नाही. घासून घासून मळ बसलाय त्यात. हे तुमच्याकडे शनिवारपासून आहे?"

"हो."

"का दाखवलं नाहीत?"

"भीती वाटली."

"आता?"

"आताही वाटते आहे."

त्यांनी पान आणि काच वहीत ठेवून वही आपल्याकडे घेतली. "तुमची फाईल मी अपूर्ण लिहिणार. ऑक्टोबरला या. पंचविसावं निरीक्षण तोवर कधीही करा, पण बघून करा." मग त्यांनी दाराकडे पाहून शिपायाला हाक मारली. "ती ट्रंकवाली मुलगी आहे ना, तिला आत बोलवा. एसटी जाऊ दे म्हणावं."

आत येताना नसीम माझ्या अगदी जवळून गेली. टेबलावरची काच तिला दिसली. ती काच कधी उचलली गेली असेल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

खोट्या सहीबद्दल तिला लेखी माफी द्यावी लागली. पाठ पुन्हा घ्यायची परवानगी मिळाली, बुधवारी, त्याच वर्गावर. नळी नवी होती. शिर्के सर त्या दिवशी खुर्ची घेऊन तासभर बसून राहिले. सारिका भुवईवर पट्टी लावून दुसऱ्याच बाकावर होती. बाईंनी मागे बस म्हटलं तरी ती हलली नव्हती. मी शेवटच्या बाकावर बसले. हजेरीत माझी सही मी केली.

दहा एक्कावन्नला वायुपात्र भरलं. नसीमने वाहक नळी पाण्याबाहेर काढली आणि तशीच हातात धरून ती थांबली. मुलींच्या डोक्यांवरून तिने शेवटच्या बाकाकडे पाहिलं, शनिवारनंतर पहिल्यांदा. त्या नजरेत मैत्री नव्हती. ती नोंद होण्याची वाट पाहत होती. मी लिहिलं आणि मान वर केली. तेव्हा तिने दिवा काढला.

निखारा भडकला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या मुली जीव मुठीत धरून नळीकडे बघत होत्या. मी तसंच लिहिलं.